नाव लावणे आणि नाव राखणे



एक क्षुल्लक गोष्ट प्रथम सांगतो. आमच्या आळीतील एका वाण्याच्या दुकानातून आमच्या घरी तीन पिढ्या किराणा येत आहे. दुकानदार लिंगायत, आम्ही ख्रिस्ती; त्यांची घरची भाषा कानडी, आमची मराठी; परंतु देवघेवीत कधी अडचण पडली नाही. आमच्या आजीच्या वेळेस त्या दुकानात एक रीत होती. इतर गिऱ्हाइकांची उधारी वहीत लिहिली जाई. आमच्या वस्तीतून जाणाऱ्या आयाबायांची मात्र तोंडी राही. "मास्तरीणबाई विसरायच्या नाहीत," एवढाच त्या व्यवहाराचा कागद. आजी शाळेत शिकवीत असे, व पगार झाल्याच्या संध्याकाळी ती घरी येण्यापूर्वी दुकानावरून येत असे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही सामान घेऊन निघालो, तोच दुकानदाराच्या मुलाने वही उघडली, रक्कम लिहिली व वही आमच्यापुढे सरकवून म्हटले, "काका, तेवढी सही करा." ही पद्धत केव्हापासून, असे आम्ही विचारले. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "मे महिन्यात आपले थोडे राहिले होते. वडील म्हणाले, मागू नकोस, ते आणून देतील. ते सप्टेंबरात आले. तेव्हापासून वस्तीतल्या सगळ्यांचेच लिहून ठेवतो."

ती उधारी आमचीच होती. सुटीत आम्ही परगावी गेलो व साफ विसरलो. विसरणे हे काही पाप नव्हे, असे मनाची समजूत घालण्यासाठी म्हणता येईल; परंतु तीन पिढ्या न उघडलेली वही आमच्या विसराळूपणाने उघडली, आणि ती केवळ आमच्या नावावर नव्हे, सगळ्या वस्तीच्या नावावर उघडली, ह्याचे शल्य आम्हांस अद्यापि आहे.

कोणी म्हणेल की हा न्याय नव्हे. चूक एकाने केली तर वही एकाचीच उघडावी. बरोबर आहे. परंतु जग असे चालत नाही, व लहान समाजाच्या बाबतीत तर मुळीच चालत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा एकाहूनही किंचित कमी भरले. म्हणजे आपल्या राज्यातील पुष्कळ माणसांची आयुष्यभरात एखाद-दुसऱ्याच ख्रिस्ती कुटुंबाशी ओळख होणार. ते कुटुंब जसे असेल तसा ख्रिस्ती धर्म, असे त्यांनी ठरविले तर त्यांस दोष कोणत्या तोंडाने द्यावा? त्यांच्यापाशी दुसरे साधनच नाही. पवित्र शास्त्र विकत घेऊन वाचणारे शेजारी थोडे. आमच्या दारातील भांडण ऐकणारे सारेच.

हे 'ख्रिस्ती' नाव आपण होऊन कोणी घेतलेले नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे की शिष्यांस हे नाव प्रथम अंत्युखिया नगरात मिळाले. ते स्वतःस शिष्य म्हणवीत, बंधू म्हणवीत. हे नाव बहुधा बाजारातील व रस्त्यातील लोकांनी त्यांची चालचलणूक पाहून ठेवले, व कदाचित थोडे हसतही ठेवले असेल. तात्पर्य, आमच्या धर्माचे नावच मुळी शेजाऱ्यांनी दिलेले आहे. त्याचा अर्थ ठरविण्यात त्यांचा हात राहिला तर आम्ही रागावण्याचे कारण नाही.

त्यानंतर कित्येक वर्षांनी, इ. स. ११२ च्या सुमारास, काळ्या समुद्राकाठच्या एका प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी ह्याने सम्राट ट्रेजन ह्यास लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. हा सुभेदार ख्रिस्ती लोकांचा मित्र नव्हता. त्याने त्यांची चौकशी केली, दोन दासींस छळून जबान्या घेतल्या, कित्येकांस देहान्त शिक्षा दिली. ह्या लोकांचा गुन्हा तरी काय, ह्याचा शोध करता त्यास जे आढळले ते त्याने सम्राटास कळविले: हे लोक ठराविक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्तास देव मानून स्तोत्र म्हणतात, आणि शपथ घेतात. कशाची शपथ? राजद्रोहाची नव्हे. चोरी करणार नाही, लूट करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव मागितली असता नाकारणार नाही, ह्याची. त्या शेवटच्या कलमाशी आम्ही प्रत्येक वेळी थबकतो. ठेव परत करणे! स्वर्ग, नरक, त्रैक्य ह्यांविषयी त्या पत्रात अवाक्षर नाही. शत्रूच्या कागदात आमच्या पूर्वजांची जी ओळख नोंदली गेली ती अशी, किराणा दुकानात कळण्यासारखी आहे.

आता आपल्याकडील एक गोष्ट पाहा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव ह्या शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कविता आहेत. १८९३ साली हे तरुण ब्राह्मण कवी नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. त्या काळी गोरा उतारू व काळा उतारू एका डब्यात आले म्हणजे काय होत असे, हे सांगावयास नको; टिळकांचीही अपेक्षा तीच होती. परंतु ह्या गृहस्थाने त्यांस आदराने बसवून घेतले, त्यांच्याशी काव्याविषयी गोष्टी केल्या, व उतरताना नव्या कराराची एक प्रत दिली. पुस्तक टिळकांच्या हाती मागाहून आले. आधी आली ती वागणूक. टिळक वाचीत वाचीत मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि मग त्यांस पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

योगायोग असा की त्याच १८९३ सालच्या जून महिन्यात, दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग स्टेशनावर, दुसऱ्या एका हिंदी तरुणास पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असता डब्यातून खाली ढकलण्यात आले. रात्र थंडीची होती. हे बॅरिस्टर मोहनदास गांधी. ज्यास काळा माणूस आपल्या डब्यात नको होता तो उतारू, व ज्याने ढकलले तो पोलीस शिपाई, हे रविवारी कोठे जात असतील हे ओळखणे फारसे कठीण नाही. पुढे प्रिटोरियात गांधींस काही ख्रिस्ती स्नेही भेटले. त्यांनी त्यांस प्रेमाने वागविले, पुस्तके दिली, प्रार्थनेस नेले. ख्रिस्ताविषयी गांधींच्या मनात जन्मभर आदर राहिला. परंतु त्या थंडीच्या रात्रीचा विसर त्यांस पडला नाही, आणि जगासही पडला नाही. एकाच वर्षी दोन डबे, दोन उतारू. धर्मावर एकही व्याख्यान नाही. तरी दोन्ही ठिकाणी साक्ष झाली.

ह्यावर आमचे काही मित्र म्हणतील, "टिळक व गांधी मोठे, आमच्या घरी असले प्रसंग कोठून येणार?" सोलापुरात पाण्याची पाळी हा प्रसंग पुरेसा आहे. नळास काही दिवसांआड पाणी येते. तेव्हा कोणाची घागर पुढे सरकते व कोणाची मागे राहते, हे सगळी आळी पाहत असते. रविवारच्या शाळेत सोनेरी वचन बिनचूक म्हणणारा मुलगा टँकरापाशी म्हाताऱ्या विडी कामगारणीस कोपराने बाजूस सारतो, त्या वेळी ते वचन कोणी ऐकलेले नसते, कोपर मात्र लागलेले असते. परीक्षेच्या खोलीत शेजारच्याचा पेपर पाहणे. वर्ग झाडणाऱ्या मावशींस 'ए' म्हणून हाक मारणे. रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून हमरीतुमरीवर येणे व त्याच संध्याकाळी लग्नाच्या मांडवात कर्ज काढून रोषणाई करणे. ही यादी आम्ही लांबवीत नाही, प्रत्येकास आपली आपण पुरी करता येईल. नाताळच्या रात्री ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत चालावा, ह्याविषयी तर आम्ही मंडळीच्या सभेत दोनदा बोललो व दोनदा हरलो. शेजारच्या घरी आजारी माणूस असता देवदूतांचे गीत त्याच्या उशाशी वाजविणे हे शांतीच्या अधिपतीचे स्वागत कसे होते, ते आम्हांस अजून कळलेले नाही.

परंतु आमचे खरे म्हणणे ह्यापुढे आहे. उधारी वेळेवर देणे, रांगेत उभे राहणे, गोड बोलणे, हे सारे आपण कदाचित साधू. आणि तरीही आमच्यावरील मोठा आरोप शिल्लक राहील. तो आरोप आमच्या तोंडावर, आमच्याच गावी, एका फार मोठ्या माणसाने केलेला आहे, आणि त्यास आम्ही अद्यापि उत्तर दिलेले नाही.

१ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापूर येथे हिंदी ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. त्यापूर्वी सव्वादोन वर्षे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवले येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केलेली होती, आणि ते कोणत्या धर्मात जाणार ह्याकडे सर्व धर्मांच्या धुरीणांचे डोळे लागलेले होते. अशा माणसास आपल्यापुढे बोलताना ऐकून आमच्या आजोबांच्या पिढीस किती हर्ष झाला असेल, ह्याची कल्पना करता येते. प्रारंभही हर्ष व्हावा असाच होता. धर्मांतराच्या दृष्टीने आपल्या मनात दोनच व्यक्ती आहेत, एक बुद्ध व दुसरा ख्रिस्त, असे ते म्हणाले. ख्रिस्ताविषयी त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती श्रोत्यांविषयी.

दक्षिणेकडील ख्रिस्ती लोक देवळातदेखील जातिभेद पाळतात, हे त्यांनी दाखविले. मिशनरी लोक एखाद्या अस्पृश्यास बाप्तिस्मा दिला म्हणजे आपले काम झाले असे समजतात. त्याच्या हक्कांची वास्तपुस्त करीत नाहीत. अस्पृश्य विद्यार्थी ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती बंद होते. गरिबी मात्र होती तशीच राहते. तरी ह्या अन्यायाविरुद्ध इतक्या शिकलेल्या समाजातून चळवळ उठत नाही. मग ते आमच्या वर्मावर आले. तुमच्यात शेकडो मुले-मुली मॅट्रिक झालेली आहेत, असे ते म्हणाले. परंतु मुलगी परिचारिका झाली, मुलगा शिक्षक झाला, की ती आपल्या संसारात गढून जातात. कारकून व अधिकारी आपल्या कामात मग्न. सार्वजनिक अन्यायाकडे कोणी पाहत नाही. अडाणी अस्पृश्य चळवळ करतात, आणि शिकलेले ख्रिस्ती स्वस्थ बसतात.

वाचकहो, ह्यात चोरीचा आरोप नाही, लबाडीचा नाही, दारूचाही नाही. त्या सभेतील बहुतेक माणसे सभ्य, नेमस्त, उपासनेस जाणारी, मुलांस शाळेत घालणारी अशीच असणार. त्यांचे दैनंदिन वर्तन स्वच्छ होते. स्वतःच्या कुंपणाआत ते स्वच्छ होते, एवढेच बाबासाहेबांचे म्हणणे होते.

आणि कुंपण हा शब्द सोलापुरात नुसता अलंकार नव्हे. ज्यांस सरकारने 'गुन्हेगार जमाती' ठरविले होते त्यांची वसाहत येथे तारेच्या कुंपणात होती; त्या भागास लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. १८७१ च्या कायद्यापासून पुढे अशा जमातींत नुसता जन्म घेणे हाच संशय होऊन बसला होता. हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून बाहेर जावयाचे नाही. मुंबई इलाख्यातील अशा वसाहतींच्या कामात मिशनरी संस्थांनीही भाग घेतला. मुलांस शिकविले, आजाऱ्यांस औषध दिले. हे काम प्रेमाने करणारी माणसे होती, ह्याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु आत जाऊन मुलांस अक्षरे शिकविणे हे एक, आणि बाहेर येऊन, जन्मलेल्या बाळास गुन्हेगार ठरविणारा कायदा देवाच्या दृष्टीने अधर्म आहे असे मोठ्याने म्हणणे हे दुसरे. पहिले आमच्याकडून झाले. दुसऱ्याची वाट त्या लोकांस ऑगस्ट १९५२ पर्यंत पाहावी लागली, आणि तो कायदा रद्द झाला तो काही आमच्या गर्जनेने नव्हे.

कोणी आठवण करून देईल की आमच्यातही पंडिता रमाबाई झाल्या. १८८९ साली त्यांनी शारदासदन काढले, १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलीबाळींस केडगावास नेऊन जगविले. खरे आहे, आणि त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु तो अभिमान आजीच्या वेळच्या तोंडी उधारीसारखा आहे. पत तिने मिळविली, सामान आम्ही उचलीत आहो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बाबासाहेबांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यांच्या निवडीस पुष्कळ कारणे होती, त्यांनी ती स्वतः विस्ताराने लिहिली आहेत, व त्या सर्वांत आमचे वर्तन हेच मुख्य कारण होते असे म्हणणे हा एक उलटा गर्वच होईल. आम्ही त्यांच्या निर्णयाविषयी खंत करीत नाही; तो त्यांचा अधिकार होता, आणि त्यातून लक्षावधी माणसांस मान वर करून चालता आले. आमची खंत निराळी आहे. त्यांनी सोलापुरात विचारलेला प्रश्न ह्या वर्षी पुन्हा कोणी विचारला, तर आमचे उत्तर १९३८ पेक्षा बरे असेल काय?

जातीचेच घ्या. देवळात आज निरनिराळे बाक नाहीत. परंतु लग्नाचे बोलणे निघाले की मुलाचे शिक्षण, नोकरी, मंडळीतील सभासदत्व विचारून झाल्यावर एक क्षण सगळे गप्प होतात, आणि मग कोणी वडीलधारे हळूच विचारतात, "मूळचे कोण?" हा प्रश्न आम्ही आमच्या घरीही ऐकला आहे, आणि ऐकून चहा घेतला आहे. मुले दारामागून ऐकत असतात. त्यांस रविवारच्या शाळेत काय शिकविले, ह्यास मग फारसा अर्थ उरत नाही.

आणि शिष्यवृत्तीचे? १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती झालेल्यांस वगळले ते आजही वगळलेलेच आहेत. शीखांचा समावेश १९५६ साली झाला, बौद्धांचा १९९० साली. ह्याविषयी आता आमचे लोक बोलू लागले आहेत, हे चांगले झाले. परंतु आम्ही नेमके आपल्याच शिष्यवृत्तीविषयी बोलावयास शिकावे, आणि विडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीविषयी, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या मुलाविषयी, सेटलमेंटातील पोरावर अजून पडणाऱ्या पोलिसी नजरेविषयी मौन पाळावे, ह्यात शेजाऱ्यांस कोणता धर्म दिसेल? आपल्या हक्कासाठी सर्वच भांडतात. दाखल्यात सांगितलेला शोमरोनी आपल्या जातभाईसाठी थांबला नव्हता.

ह्या शाळेत ख्रिस्ती मुलांहून इतर धर्मांची मुले पुष्कळ अधिक आहेत. ती म्हणतील की हा लेख आमच्यासाठी नव्हे. एका अर्थी तो तुमच्यासाठीच आहे. कारण परीक्षक तुम्ही आहात. तुमच्या वर्गातील ख्रिस्ती मुलगा खोटे बोलला तर त्यास तोंडावर सांगा. मनात ठेवून वस्तीभर वही उघडू नका, एवढीच विनंती. आणि वारीहून परतलेला शेजारी, रोजे पाळणारा शेजारी, सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजापुढे भक्तिभावाने उभा राहणारा शेजारी, ह्यांस हीच कसोटी लावून पाहण्यास आमची हरकत नाही. मात्र ते काम त्यांचे त्यांनी करावे. आम्हांस आमचे पुरे आहे.

एक सूचना मांडून थांबतो. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळच्या उपासनेस आमची सर्व कुटुंबे येतात, व दुपारी जेवून निजतात. बाबासाहेबांचे सोलापुरातील भाषण त्याच तारखेचे आहे. ते ५ फेब्रुवारी १९३८ च्या 'जनता' पत्रात आले होते; आज ते छापील मिळते, व वाचावयास फार वेळ लागत नाही. येत्या १ जानेवारीस दुपारी चार वाजता शाळेच्या सभागृहात ते मोठ्याने वाचावे. वाचणारी मुले दहावीची असावीत, ऐकणारे पालक असावेत, आणि वाचून झाल्यावर एक तासपर्यंत कोणी प्रार्थना अगर आभारप्रदर्शन करून विषय मिटवू नये. बौद्ध पालकांस अगत्याने बोलवावे, व त्यांस पुढच्या रांगेत बसवून भाषण करावयास न लावता आपल्यात बसवावे. मुख्याध्यापकांकडे आम्ही तसे पत्र दिले आहे. काही पालकांनी "जुने कशास उकरता?" असे आताच विचारले आहे, त्यांनीही यावे.

आमच्या दुकानदारासही निमंत्रण द्यावयाचे आहे. तो दुकान बंद ठेवून येईल की नाही, ते सांगता येत नाही. शनिवारी तेल संपेल, तेव्हा तिकडे जावयाचेच आहे. सही करावयाची झाल्यावर विचारू.